पुरुषांचं केस गळणं आणि टक्कल: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

केस गळायला लागले की माणूस आधी तेल बदलतो, मग शाम्पू, मग पाण्यावर खापर फोडतो आणि डॉक्टर गाठतो तो पार शेवटी. तोवर कपाळ दोन बोटं मागे सरकलेलं असतं. म्हणून इथे आधी गळती कोणत्या प्रकारची आहे ते ओळखण्याचे प्रश्न घेतले आहेत, औषधं त्यानंतर. गोळ्यांची मात्रा फक्त माहितीसाठी दिली आहे. ती वाचून मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका.

रोज उशीवर, बाथरूमच्या जाळीवर केस दिसून राहिले. टक्कल पडायची सुरुवात आहे का?

असेलच असं नाही. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढत असतात, आणि ही वाढ दोन ते सहा वर्षं चालते. बाकीचे सुमारे तीन महिने नुसते थांबून राहतात आणि मग गळतात. त्यामुळे रोज ५० ते १०० केस जाणं सगळ्यांचंच चालू असतं. आठवड्यातून दोनदाच डोकं धुणाऱ्याला तीन-चार दिवसांचे केस एकदम हातात आलेले दिसतात आणि धसका बसतो.

मोजत बसण्यापेक्षा गळलेले दहा-वीस केस पांढऱ्या कागदावर ठेवून नीट बघा. एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसेल. ती दिसली म्हणजे केस मुळासकट उपटला गेला असं नाही. मूळ त्वचेतच असतं, केस फक्त आपली मुदत भरून सुटलेला असतो. बघायची गोष्ट वेगळी आहे: सगळे केस सारख्या जाडीचे आहेत का? काही जाड आणि काही अगदी बारीक, आखूड, फिक्या रंगाचे असं मिश्रण दिसलं तर लक्ष घालायची वेळ आली. टक्कल पडताना केस एका रात्रीत जात नाहीत, दर खेपेला आधीपेक्षा बारीक उगवतात आणि शेवटी नुसती लव उरते.

अनुवंशिक टक्कल आणि साधी गळती यांतला फरक घरी कसा ओळखायचा?

पहिली खूण म्हणजे जागा. कपाळाचे दोन कोपरे आत शिरत असतील किंवा भोवऱ्याभोवतीची कातडी दिसू लागली असेल, पण कानांच्या वर आणि मानेकडे केस पूर्वीसारखेच दाट असतील, तर तो अनुवंशिक प्रकार. सगळ्या डोक्यावरून, मागूनसुद्धा, सारखेच केस निघत असतील तर कारण बहुधा दुसरं असतं.

दुसरी खूण ओढून बघण्याची. एक दिवस डोकं न धुता ५०-६० केसांचा झुबका अंगठा आणि दोन बोटांत धरा आणि बोटं मुळाकडून टोकाकडे सरकवत हलकेच ओढा. समोर, वर, बाजूला, मागे असं चार ठिकाणी करा. एका झुबक्यात सहाहून जास्त केस आले तर गळती जोरात चालू आहे. गंमत अशी की अनुवंशिक प्रकारात बऱ्याचदा केस ओढूनही फारसे येत नाहीत. ‘गळत तर नाहीत, मग विरळ काहून झाले’ असं विचारणारा बहुतेक याच गटातला असतो.

तिसरी आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे फोटो. त्याच ट्यूबलाइटखाली, कोरड्या आणि बिनतेलाच्या केसांचे, समोरून, दोन्ही कोपऱ्यांचे, वरून आणि भोवऱ्याचे फोटो दर तीन महिन्यांनी काढा. ओले केस नेहमीच विरळ दिसतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका. आरशात रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही, आणि घरच्यांचं मत कधीच सारखं नसतं.

डॉक्टरांच्या कागदावर ‘ग्रेड ३’ किंवा ‘ग्रेड ४’ असं दिसलं तर तो हॅमिल्टन-नॉरवूड मोजपट्टीचा आकडा असतो. हॅमिल्टनने ती १९५१ मध्ये मांडली, नॉरवूडने १९७५ मध्ये सुधारली, आणि तिच्यात एकूण सात पायऱ्या आहेत.

पावसाळ्यात डेंगू झाला होता. आता दिवाळीपासून ओंजळभर केस निघतात. सगळे जातील का?

नाही. ताप मोठा असला की वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तीन महिन्यांनी एकदम गळतात. डेंगू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, महिनाभर उपाशी राहून केलेलं डाएट या सगळ्यांचं गणित सारखंच. ऑगस्ट-सप्टेंबरचा ताप म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये डोक्यावर दिसतो, आणि तोवर माणूस ताप विसरून शाम्पूला दोष देत असतो.

ही गळती साधारण तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते. मुळं शाबूत असतात, केस परत येतात, फक्त महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर या वेगाने, म्हणजे घनता जाणवायला वर्ष लागू शकतं. प्रथिनं नीट घ्या: दोन्ही वेळच्या जेवणात वरण, उसळ, अंडं, पनीर यांतलं काहीतरी. सहा महिन्यांनंतरही गळती तशीच असेल तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), आणि शाकाहारी असाल तर बी-१२. एक सावधगिरीची गोष्ट: अनुवंशिक टक्कल दबकत चालू असेल तर तापानंतरची गळती त्याला उघडं पाडते. बाकी डोकं भरलं आणि कोपरे भरले नाहीत, तर हेच झालं समजा.

दाढीत किंवा डोक्यात नाण्याएवढी गुळगुळीत गोल जागा झाली आहे.

ही चाई. शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते तेव्हा होते. कीड लागल्याने होत नाही आणि कोणाला लागतही नाही. लहान चट्टे बरेचदा वर्षभरात आपोआप भरतात. लवकर भरायचे असतील तर त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. लसूण वाटून चोळणं, काहीतरी जाळून लावणं असले उपाय कातडी भाजतात. भाजून व्रण पडला की तिथे केस कायमचे गेले.

चट्ट्यावर खवले, पू, दुखणं किंवा तुटलेल्या केसांचे काळे ठिपके असतील तर ती चाई नाही, बुरशी किंवा दुसरा आजार असू शकतो. तिथे घरी थांबू नका.

शेगावकडच्या गावांमध्ये लोकांचे केस चार दिवसांत गेले होते. आपल्याकडे तसं होईल का?

२०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत तसं झालं होतं, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं पथकही येऊन गेलं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम या खनिजाचं प्रमाण फार जास्त असल्याचं दाखवून दिलं. सेलेनियम शरीराला अगदी थोडं लागतं, दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. सतत ४०० च्या वर गेलं की केस आणि नखं दोन्ही जाऊ लागतात. अनुवंशिक टकलाशी याचा काही संबंध नाही. पण एक धडा घेण्यासारखा आहे: ‘केसांसाठी’ म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकाच वेळी घेतल्या तर सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व दोन्ही नकळत वाढतात, आणि दोन्हींचा अतिरेक केस गाळतो.

टक्कल आईकडून येतं की वडिलांकडून?

दोन्हीकडून. एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, ते आईकडून येतं, म्हणून ‘मामाचं डोकं बघ’ म्हणतात. पण इतर बरीच जनुकं दोन्ही घरांतून येतात. मामाचे केस दाट असूनही भाच्याला पंचविशीत टक्कल पडतं ते त्यामुळेच.

आतली गोष्ट अशी: टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं एका एन्झाइममुळे डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन होतं. समोरची आणि वरची मुळं डीएचटीला संवेदनशील असतात, मागची नसतात. त्या माऱ्याखाली समोरच्या मुळांचा वाढीचा काळ दर खेपेला तोकडा होत जातो. डीएचटी रक्तात जास्त असायला लागत नाही, नेहमीचंच पुरतं. म्हणून हार्मोनचे महागडे रिपोर्ट बहुतेक पुरुषांना काहीच सांगत नाहीत.

बोअरचं पाणी, हेल्मेट आणि इथला उन्हाळा, यांनी टक्कल पडतं ना?

नाही. बोअरचं पाणी जड असलं की फेस होत नाही, केस राठ होतात, टोकं तुटतात. मुळांना त्याने काही होत नाही. शेवटचा तांब्या पेंचच्या नळाच्या पाण्याचा घ्या, एवढं पुरे. हेल्मेटखाली केस मरत नाहीत. मे महिन्यात ४५ अंशांत हेल्मेटखाली घाम साचतो, कोंडा आणि खाज वाढते, खाजवून केस तुटतात. आत सुती रुमाल बांधा आणि तो रोज धुवा. हेल्मेट काढून ठेवण्यासाठी केसांचं निमित्त करू नका.

कोंडा तेलकट, पिवळट आणि खाजरा असेल तर किटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा लावा. डोक्यावर पाच मिनिटं राहू द्या, मग धुवा. लावून लगेच धुतला तर पैसे पाण्यात.

माका, जास्वंद, कांद्याचा रस, रोजमेरी, यांतलं काही लागू पडतं का?

खोबरेल तेल केसाच्या दांड्यात शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. तेवढा त्याचा उपयोग खरा आहे, केस कमी तुटतात. मुळावर डीएचटीचा जो मारा चालू आहे त्याला कोणतंच तेल अडवत नाही. कोंडा असलेल्याने रात्रभर तेल ठेवलं तर उलट नुकसान, कारण कोंड्याची बुरशी त्याच तेलावर पोसते.

कांद्याच्या रसाचा छोटा अभ्यास झालाय तो चाईवर, अनुवंशिक टकलावर नाही. रोजमेरीची मिनॉक्सिडिल या केसांना लावायच्या औषधाच्या २ टक्के द्रावणाशी तुलना २०१५ मध्ये झाली, शंभर जणांवर, सहा महिने. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा आणि बेताचाच दिसला, शिवाय काहीच न लावणारा गट तुलनेला नव्हता. आवडत असेल तर जरूर लावा. फक्त तेलावर दोन वर्षं काढू नका, ती दोन वर्षं परत मिळत नाहीत.

मिनॉक्सिडिल लावायची बरोबर पद्धत कोणती?

हे मूळचं रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा डोक्याला लावायचं द्रावण तयार झालं. अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. पुरुषांसाठी ५ टक्के द्रावण, १ मिली, दिवसातून दोनदा. ६० मिलीची बाटली बरोबर महिनाभर पुरते. दोन महिने पुरत असेल तर तुम्ही निम्मंच लावताय.

डोकं पूर्ण कोरडं हवं. विरळ भागात कंगव्याने चार-पाच भांग पाडा आणि ड्रॉपरने द्रावण थेट कातडीवर सोडा. केसांवर पडलेलं औषध वाया जातं. बोटाने हलकं पसरा, रगडू नका, लगेच हात साबणाने धुवा. चार तास डोकं धुवायचं नाही. रात्रीचं लावणं झोपण्याआधी निदान दोन तास व्हायला हवं, नाहीतर औषध उशीवर आणि उशीवरून गालावर जातं आणि तिथे लव वाढते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हाच प्रकार घामाने होतो. सकाळी लावून लगेच हेल्मेट घालून निघालात की औषध कपाळावर ओघळतं. अर्धा तास कूलरसमोर बसून सुकू द्या. द्रावणात अल्कोहोल असतं, ओलं डोकं घेऊन गॅसजवळ किंवा सिगारेट पेटवायला जाऊ नका.

खाज सुटून कातडी लाल झाली तर दोष बहुधा औषधाचा नसतो, द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो. मग फोम मागा, त्यात ते नसतं. फोम मे महिन्यात बोटावरच वितळतो. आधी बोटं थंड पाण्यात बुडवून पुसून घ्या. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नका. १० किंवा १५ टक्क्यांच्या बाटल्या जास्त केस आणतात याला आधार नाही, खाज मात्र नक्की आणतात.

हृदयविकार असेल किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत धडधड, पायांवर सूज किंवा चक्कर आली तर थांबवा. आणि घरात मांजर असेल तर फार जपा. डोकं किंवा उशी चाटूनही मांजराला विषबाधा होते, जीव जाऊ शकतो.

लावायला लागलो तर उलट जास्तच गळून राहिले. बंद करू?

नका करू. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात असं होतं. विश्रांती घेणारे जुने केस ढकलून त्याच मुळांतून नवे उगवत असतात. सगळ्यात जास्त लोक इथेच बाटली फेकतात. चार महिन्यांआधी काही दिसत नाही, बारा महिन्यांआधी निकाल लावू नये. थोडे नवे केस येणं हा फायदा झालाच, पण आहेत ते वर्षभरात कमी झाले नाहीत हेही यशच आहे. बंद केलं की तीन-चार महिन्यांत मिळालेलं सगळं जातं, म्हणजे औषध लावलंच नसतं तर जिथे असता तिथे पोचता.

फिनास्टेराइडबद्दल फार काही ऐकलंय. घ्यावं का?

टकलाच्या मुळाशी जाणारं औषध हेच. डोमिनिकन प्रजासत्ताकात काही कुटुंबांत जन्मतःच डीएचटी तयार न होणारे पुरुष सापडले. त्यांना टक्कलही पडत नव्हतं आणि त्यांची प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची ग्रंथीही वाढत नव्हती. त्यावर १९७४ मध्ये संशोधन छापून आलं आणि तिथून औषधाची वाट सापडली. ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी १९९२ मध्ये आली, १ मिलिग्रॅमची केसांसाठी १९९७ मध्ये. रोज एक गोळी, जेवणाआधी किंवा नंतर कधीही. रक्तातलं डीएचटी साधारण दोन-तृतीयांशाने उतरतं. भोवऱ्यावर परिणाम चांगला, कपाळाच्या कोपऱ्यांवर कमी.

आता भीतीचा भाग. सुरुवातीच्या चाचण्यांत कामेच्छा घटणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी होणं यांपैकी काहीतरी गोळी घेणाऱ्यांतल्या ३.८ टक्के पुरुषांना झालं, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांतल्या २.१ टक्क्यांना. म्हणजे त्रास थोड्यांना होतो, पण होतो. गोळी बंद केल्यावर बहुतेकांचा जातो, काहींनी तो नंतरही टिकल्याचं सांगितलं आहे. नैराश्याचा धोकाही गंभीरपणे घ्यायचा आहे. युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. आधी नैराश्य झालेलं असेल तर डॉक्टरांपासून ते लपवू नका. मन उदास राहू लागलं तर गोळी थांबवा आणि त्यांना कळवा.

आणखी तीन गोष्टी, ज्या मेडिकलवाला सांगत नाही. एक, या गोळीने पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा निम्मा होतो. चाळिशीनंतर प्रोस्टेटची तपासणी केली तर ही गोळी चालू आहे हे सांगा, नाहीतर वाढलेला आकडाही नॉर्मल वाटेल. दोन, स्वस्त पडते म्हणून ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे करणारे बरेच आहेत. त्या भुकटीला गरोदर बाईने हात लावू नये, पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांची वाढ बिघडू शकते. तीन, गोळी चालू असताना रक्तदान नको, बंद केल्यावरही महिनाभर थांबा. मूल हवं असेल आणि दिवस राहत नसतील तर वीर्यतपासणी करून डॉक्टरांशी बोला. काहींचे शुक्राणू कमी होतात आणि गोळी थांबवल्यावर सुधारतात.

ड्युटास्टेराइड किंवा मिनॉक्सिडिलची गोळी?

फिनास्टेराइडच्याच जातीचं ड्युटास्टेराइड जास्त जोरदार आहे, डीएचटी ९० टक्क्यांहून अधिक उतरवतं, पण शरीरातून जायला कित्येक महिने घेतं. त्रास झाला तर तोही लवकर जात नाही, आणि रक्तदानासाठी सहा महिने थांबावं लागतं. मिनॉक्सिडिलची कमी मात्रेची गोळी, पुरुषांत साधारण २.५ ते ५ मिलिग्रॅम, अलीकडे बरेच डॉक्टर देतात. ती रक्तदाबाची गोळी आहे हे विसरू नका, नाडी आणि पायांवरची सूज बघावी लागते. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

बायोटिन?

हे बी गटातलं जीवनसत्त्व. कमतरता फार दुर्मिळ, त्यामुळे फायदाही दुर्मिळ. उलट मोठ्या मात्रेत घेतलं तर थायरॉइडचे आणि हृदयाच्या झटक्याच्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकू शकतात. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

पीआरपी आणि डर्मा रोलर?

पीआरपीत तुमचंच १०-२० मिली रक्त फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचतात, महिन्याला एक असं तीन-चार वेळा, मग दर सहा-बारा महिन्यांनी. काहींना जाडी वाढल्याचं दिसतं, पण प्रत्येक दवाखान्याची पद्धत वेगळी असल्याने कोणाला किती लागू पडेल हे छातीठोकपणे सांगता येत नाही. औषधांच्या जोडीला ठीक, औषधांऐवजी नाही. पॅकेजचे सगळे पैसे आगाऊ मागितले तर निघून या.

डर्मा रोलर म्हणजे बारीक सुया लावलेलं चाक. त्याचा फायदा दाखवणारा अभ्यास मुंबईतलाच, २०१३ चा: आठवड्यातून एकदा १.५ मिलिमीटरचा रोलर आणि जोडीला मिनॉक्सिडिल. घरी करताना लोक दोन चुका करतात. रोलर फिरवल्यावर लगेच मिनॉक्सिडिल लावतात, ते जास्त शोषलं जाऊन आग होते आणि धडधडतं. २४ तास थांबा. आणि एकच रोलर वर्षभर किंवा दोघांत मिळून वापरतात. सुया बोथट झाल्या की कातडी फाटते, आणि दुसऱ्याचं रक्त लागलं की कावीळ-बीचा धोका.

जिम लावलीय. प्रोटीन पावडरने केस जातात का?

पावडरने नाही. ‘बॉडीसाठी’ म्हणून टोचलेल्या पुरुषी हार्मोनच्या स्टेरॉइडने (चाईवरचं स्टेरॉइड वेगळं) मात्र अनुवंशिक कल असलेल्यांचे झपाट्याने जाऊ शकतात. डब्याच्या नावाखाली नेमकं काय देताहेत ते बघा.

हस्तमैथुन? खर्रा? गोटा केल्यावर दाट येतात?

हस्तमैथुनाने केस जात नाहीत, अजिबात. गोटा केल्यावर केसांची टोकं बोथट होतात म्हणून हाताला जाड लागतात, संख्या तीच राहते. सिगारेट आणि टक्कल यांचा संबंध दिसलेला आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून केस येतील असं आश्वासन देता येणार नाही, पण खर्रा खाणाऱ्याने केसांच्या आधी तोंड दाखवावं. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तर ते जास्त तातडीचं आहे.

हेअर ट्रान्सप्लांट करायचं आहे. काय बघू?

मागचे केस पुढे लावले तरी ते मागच्याच स्वभावाने वागतात, या एका गोष्टीवर सगळं उभं आहे. पण मागचा साठा मर्यादित असतो. आयुष्यभराचे मिळून साधारण ५ ते ६ हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे छोटे पुंजके, एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस. बाविशीच्या पोराची कपाळरेषा ३ हजार ग्राफ्ट घालून खाली आणली, आणि तिशीत त्या रेषेमागचे डोक्यावरचे केस जात राहिले, तर पुढे एक पट्टा आणि मागे मैदान असं चित्र होतं. भरायला साठा उरत नाही. म्हणून पंचविशीच्या आत घाई नको, आणि ट्रान्सप्लांटनंतरही बाकीचे केस टिकवायला औषधं चालूच ठेवावी लागतात. ‘एकदा करा, औषधाची गरज नाही’ असं म्हणणारा खोटं बोलतोय.

पहिला प्रश्न हा विचारा: चिरा कोण देणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हे काम प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचं आहे, नुसत्या टेक्निशियनचं नाही. डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि तपासा. भूल स्थानिक असली तरी तासन्तास चालते आणि लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची मात्रा जास्त झाली तर झटके येऊ शकतात, हृदय बंद पडू शकतं. ऑक्सिजन आणि आणीबाणीची औषधं खोलीत आहेत का ते डोळ्यांनी बघा. ग्राफ्ट मोजून त्याचा हिशेब लिहून देणार का, तेही विचारा, कारण दर ग्राफ्टमागे असतो आणि घोळ तिथेच होतो. काही ठिकाणी केसांवर आकडा सांगतात. ४ हजार केस म्हणजे साधारण २ हजार ग्राफ्ट.

नंतरचं असं: पहिल्या काही रात्री डोकं उंच ठेवून झोपायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ सुजतं आणि उतरतं, खपल्या ७ ते १० दिवसांत जातात, हेल्मेट डॉक्टर सांगतील तेव्हाच. दोन ते चार आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात, घाबरू नका, मुळं आत असतात. तीन-चार महिन्यांनी उगवतात, पूर्ण रूप यायला वर्ष लागतं. नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोयीचे. मेमध्ये घाम आणि ऊन सांभाळणं जिकिरीचं होतं.

तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे, हातात सहा महिने. काय होईल?

ट्रान्सप्लांट नको. सहाव्या महिन्यात डोकं अर्धवट उगवलेलं असतं, फोटोत तेच येईल. औषधं आजपासून सुरू केली तर तोवर गळती थांबलेली आणि थोडी भर दिसू शकते. लग्नाच्या दिवसासाठी केराटिनचे बारीक तंतू शिंपडायचे मिळतात. केस विरळ असले तर छान बसतात, पार गुळगुळीत जागेवर चिकटत नाहीत. वरातीत घाम येतो, तेव्हा वर होल्ड स्प्रे मारा आणि आधी एकदा घरी करून बघा. केस कापणाऱ्याला बाजू बारीक, वर थोडे लांब ठेवायला सांगा. बाजू दाट असल्या की वरचा भाग अधिकच विरळ दिसतो. मुलीकडच्यांपासून लपवायचं कशाला, हे मात्र आम्हाला कधी कळलं नाही.

हेअर पॅच?

पॅच म्हणजे टकलावर बसवायचा केसांचा तुकडा. क्लिपचा पॅच रोज त्याच जागी ओढ देतो आणि तिथले उरलेले केसही घालवतो. टेप किंवा गोंदाचा बरा, पण दोन ते चार आठवड्यांनी काढून, डोकं धुऊन पुन्हा बसवावा लागतो. उन्हाळ्यात टेप घामाने लवकर सुटते. गोंदाची ॲलर्जी आहे का ते आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस बघा.

नागपुरात कुठे दाखवू, आणि जाताना काय घेऊन जाऊ?

मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. खासगीत धंतोली-रामदासपेठेत त्वचारोगतज्ज्ञ भरपूर आहेत. ‘हेअर एक्सपर्ट’ पाटीपेक्षा पदवी वाचा: त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी ही पदविका. जाताना आदल्या दिवशी डोकं धुऊ नका, तेल आणि तंतू लावू नका. तीन-चार वर्षांपूर्वीचा कपाळ दिसणारा फोटो, चालू गोळ्यांची यादी, गेल्या सहा महिन्यांतले ताप-ऑपरेशन, आणि जिममध्ये काही टोचलं असेल तर तेही सांगा. डॉक्टर भिंगाने केसांची जाडी बघतील. त्यालाच ट्रायकोस्कोपी म्हणतात, ती दुखत नाही.

काहीच करायचं नाही, सरळ गोटा ठेवायचा. चालेल?

चालेल की. त्यालाही थोडी पद्धत आहे. आधी ट्रिमरने शून्य करा, गरम पाण्याने कातडी मऊ होऊ द्या, मग जेल लावून केस वाढतात त्याच दिशेने रेझर फिरवा. उलट फिरवलं तर मानेवर फोड येतात आणि केस आत वळतात. ब्लेड पाच-सहा वेळांत बदला. केसांचं छप्पर गेलं की कातडी थेट उन्हाला लागते, तेव्हा एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन डोक्यालाही लावा, दुपारी निघताना दुपट्टा बांधा. डोक्यावर खरखरीत, न भरणारा डाग दिसला तर तो दाखवून घ्या.